पराग नसलेली ज्वारी

‘सीड प्लॉट’ हा शब्द जालना जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. त्याच साली आपल्या देशातली पहिली संकरित ज्वारी निघाली. तिचे नाव सी.एस.एच. १.

संकरित म्हणजे काय? आई एका वाणाची, बाप दुसऱ्या वाणाचा. अशांचे बी जोमाने वाढते, जास्त पिकते.

पण ज्वारीचा संकर करावा कसा? तिच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. फूल बहुधा आपल्याच परागाने फळते. पराग म्हणजे फुलातली पिवळी भुकटी. फुले बारीक, एका कणसात शेकड्यांनी. हाताने नरभाग काढू म्हटले तर जन्म पुरायचा नाही!

१९५४ साली अमेरिकेत स्टीफन्स व हॉलंड या शास्त्रज्ञांनी वाट दाखवली. त्यांना परागच न येणारी ज्वारी मिळाली. तिला नरवंध्य म्हणतात. हा गुण आईकडून उतरतो. तिची मादी मात्र धड असते. दुसऱ्याचा पराग पडला की दाणा भरतो.

यात तीन वाण लागतात. पहिला नरवंध्य. दुसरा जणू त्याचा जुळा, पण परागवाला. त्याच्या परागाने पहिल्याचा वंश चालतो. ते बी पुन्हा नरवंध्यच निपजते. तिसरा वाण म्हणजे बाप. तो पुढल्या पिकात पराग परत आणतो. पहिल्याच्या व तिसऱ्याच्या ओळी शेजारी लावल्या की झाला सीड प्लॉट. नरवंध्य ओळीतले दाणे हेच संकरित बी.

भाताचेही असेच. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर पराग नसलेला रानभात सापडला. त्यावरून संकरित भात तयार झाला. आपल्या कर्जतचा ‘सह्याद्री’ भातही संकरितच.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. मादीच्या ओळीत पिवळी भुकटी असलेले ताट दिसले, तर ती उडण्याआधीच उपटा. नाहीतर शेजारची कणसे बिघडतात. प्लॉट दुसऱ्या ज्वारीपासून निदान २०० मीटर दूर हवा.

दोन. संकरित पिकाचे दाणे खा, पण पेरू नका. पुढल्या पिढीत गुण फुटतात. काही ताटे उंच, काही बुटकी. काहींना तर परागच येत नाही. गावरान किंवा सुधारित ज्वारीचे घरचे बी मात्र निवडून ठेवता येते.

म्हणून पिशवी घेताना तिच्यावर ‘संकरित’ लिहिले आहे की ‘सुधारित’, ते स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते!