बेपत्ता बोट आणि काठावरचे आपण

‘टायटॅनिक’चे अवशेष पाहण्यास निघालेल्या ‘टायटन’ या पाणबुडीचा संपर्क १८ जून २०२३ रोजी तुटला. आत ५ माणसे, प्राणवायू ९६ तासांपुरता! झाले, सारे जग घड्याळ लावून बसले. समुद्रापासून दूर असलेल्या आमच्या तासगावात, एस. टी. स्टँडवरही तोच विषय. तिकीट सुमारे दोन कोटी रुपयांचे. “पैसा फार झाला की असेच सुचते,” असे कोणी म्हणाले आणि मीही हसलो. आत वडिलांबरोबर १९ वर्षांचा मुलगा होता, हे मागाहून वाचले. आमच्या वर्गातल्या मुलांएवढाच तो. २२ जूनला अवशेष सापडले. पाणबुडी पहिल्याच दिवशी चिरडली गेली होती. म्हणजे चार दिवस आपण मोजत होतो ते मेलेल्यांचे श्वास.

त्याआधी, १४ जूनला, ग्रीसजवळ स्थलांतरितांची बोट बुडून शेकडो माणसे गेली. तिच्याविषयी स्टँडवर चकार शब्द नव्हता. गरिबाचे मरण स्वस्त, हे उत्तर खरे असले तरी मला अपुरे वाटते. कुतूहलाला वाट पाहण्याचा अवधी लागतो. आपल्या ‘रामदास’चेच पाहा. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली. ६०० हून अधिक उतारू बुडाले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. कित्येक तास मुंबईला पत्ता नव्हता. ‘रामदास’ बेपत्ता झालीच नाही. आली ती थेट बुडाल्याची बातमी. तोवर जे काही केले, ते रेवसकडच्या कोळ्यांनी. त्यांनी बुडणाऱ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले.