कमरेचा पट्टा : बाहेरचा आणि आतला

"डॉक्टरसाहेब, पट्टा झिजला. नवीन लिहून द्या," असे म्हणत एका पिठाच्या गिरणीचे मालक गेल्या वर्षी माझ्या दवाखान्यात आले. कमरेत उसण भरली तेव्हा तो पट्टा मीच त्यांना दिला होता, पंधरा दिवसांसाठी. त्याला दोन वर्षे होऊन गेली होती. आता ते रात्री झोपतानाही पट्टा काढत नव्हते आणि पट्ट्याशिवाय दहा किलोचा डबा उचलायची त्यांना धास्ती वाटत होती. चूक त्यांची एकट्याची नव्हती. पट्टा कधी काढायचा आणि त्यानंतर काय करायचे, हे दवाखान्यातल्या गर्दीत मी त्यांना सांगितलेच नव्हते.

वाचकहो, निसर्गाने प्रत्येकाला एक पट्टा जन्मतःच दिला आहे. पोटाच्या स्नायूंचा सर्वांत आतला थर आडवा असतो आणि दोन्ही बाजूंनी कमरेला वेढून मागे पाठीच्या आवरणाला जोडलेला असतो. मागे मणक्यांना लागून लहान लहान स्नायूंची मालिका असते. वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू. असा हा चारी बाजूंनी बंद डबा झाला. व्यायामशाळेतील मुले यालाच 'कोअर' म्हणतात. हा डबा घट्ट असला की मणक्यांना आधार मिळतो.

या पट्ट्याची एक गंमत आहे. ऑस्ट्रेलियातील हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिले की निरोगी माणसाने नुसता हात उचलायचा म्हटला, तरी हाताच्या स्नायूंच्या आधी पोटातला हा आतला स्नायू आवळला जातो. म्हणजे शरीर आधी पाया पक्का करते, मग हालचाल करते. ज्यांना कंबरदुखीचा जुना त्रास होता, त्यांच्यात मात्र हा स्नायू उशिरा जागा होत होता.

मी दवाखाना सुरू केला त्या काळी कंबर धरली की 'फळीवर झोपून राहा' असा सल्ला सर्रास दिला जाई. मीही दिला आहे. आज आम्ही तसे सांगत नाही. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते आणि झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहणारे लवकर बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे. पट्टा आणि वजने लावून कंबर ओढणे या उपायांची नाही.

गिरणीवाल्यांना मी पुढील चार व्यायाम शिकवले. जमिनीवर सतरंजी अंथरावी, पोट रिकामे असावे आणि श्वास कधीही रोखू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

1. पोट आवळणे : उताणे झोपून गुडघे दुमडा. खोकण्यापूर्वी पोट जसे घट्ट होते, तसे हलकेच आवळा. श्वास चालू ठेवून दहा अंक मोजा आणि सैल सोडा. असे दहा वेळा.

2. सेतू : त्याच स्थितीत पोट आवळून कंबर वर उचला. खांदे ते गुडघे एक सरळ रेष व्हावी. पाच अंक मोजून सावकाश खाली या. आठ ते दहा वेळा.

3. चौपायी : हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. मग उलट बाजूने. पाठीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवला तर सांडू नये, इतकी पाठ स्थिर हवी. प्रत्येक बाजूला पाच ते आठ वेळा.

4. कोपरांवर तोल : पालथे होऊन कोपरे आणि चवडे यांवर शरीर सरळ उचलून धरा. प्रथम गुडघे टेकवले तरी चालतील. दहा सेकंदांपासून सुरुवात करून आठवड्यागणिक थोडे वाढवत अर्ध्या मिनिटापर्यंत न्या.

एकूण वेळ दहा ते बारा मिनिटे. उठल्याउठल्या तासभर कमरेतून वाकण्याचे व्यायाम टाळा. रात्रभरात मणक्यांमधील गाद्या पाणी धरून फुगलेल्या असतात. पाय अडकवून झटक्याने उठण्याच्या बैठकाही कंबर दुखणाऱ्यांनी करू नयेत.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. या व्यायामांनी सुटलेले पोट आत जात नाही. त्यासाठी आहार आणि चालणे हवे. दुसरे, हेच चार व्यायाम श्रेष्ठ असे मी म्हणत नाही. सूर्यनमस्कार, योगासने, पोहणे यांचाही कंबरेला चांगला उपयोग होतो. जो व्यायाम तुमच्याकडून रोज होईल तो तुमचा व्यायाम.

बाळंतीण, गरोदर स्त्रिया, हर्निया असलेले आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती कमी होणे, जांघेच्या आतल्या भागात बधिरपणा येणे, लघवी तुंबणे किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणे, ताप, विनाकारण वजन घटणे, किंवा पडल्यानंतर दुखू लागणे, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठा.

गिरणीवाल्यांना पहिल्या दिवशी सेतूमध्ये पाच अंकही निघेनात. मी त्यांना पट्टा एकदम सोडायला लावला नाही. पहिला आठवडा घरात पट्ट्याशिवाय, दुसरा गल्ल्यावर बसताना, असे करत गेलो. दोन महिन्यांनी ते पट्टा न बांधता आले. कंबर अजून अधूनमधून दुखते, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. "पण आता भीती वाटत नाही," म्हणाले. पोते मात्र दोघांनी मिळूनच उचलायचे, हे मी त्यांना या वेळी आठवणीने सांगितले.