जोडीची गोळी सुरू करण्याआधी

दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही माझं डिप्रेशन हललं नाही. खराडीच्या ऑफिसात एकच ईमेल तासभर वाचत बसायची. औषध लागू पडलं नाही, यात दोष आपला नसतो. अमेरिकेतल्या मोठ्या ‘स्टार-डी’ अभ्यासातही (२००६) पहिल्या औषधाने जेमतेम एक तृतीयांश रुग्णांची लक्षणं पूर्ण गेली होती.

मग एका चाचणीबद्दल कळलं. चालू गोळी तशीच ठेवायची, जोडीला आणखी एक, अ‍ॅरिपिप्राझोलसारखी. ती खरी की नुसती तशी दिसणारी, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसणार. इतकं थकल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणून कळकळीने सांगते, संमतीपत्र घरी न्या. मला ते ओपीडीच्या रांगेतच सहीसाठी पुढे केलं होतं. मी मागून घेतलं, घरी ताईने मोठ्याने वाचलं. चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली आहे ना, रात्री-बेरात्री फोन कोणाला करायचा, एथिक्स कमिटीचा नंबर कोणता, हे त्यात शोधा. औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

सही करून गोळी सुरू केली आणि काही दिवसांत माझे पाय स्थिर राहीनात. ओट्याशी उभी राहिले की या पायावरून त्या पायावर, बसले की लगेच उठायचं, जेवण ताटातच राहायचं. आईला वाटलं, आजार बळावला. ताईने मात्र कागदावरच्या नंबरवर फोन लावला. अ‍ॅरिपिप्राझोलसारख्या औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, अकॅथिसिया. डोस कमी केला किंवा औषध थांबवलं की बहुधा उतरतो. पण त्या तगमगीत जीव द्यावासा वाटू शकतो, तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डॉक्टर सापडले नाहीत तर टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६. घरच्यांना ही लक्षणं आधीच सांगून ठेवा, कारण त्या अवस्थेत आपल्याला स्वतःला बोलायचं सुचत नाही.

मी चाचणीतून बाहेर पडले. आता जोडीला लिथियम आहे, जुनं औषध, आणि मला उपयोग होतोय. त्यात रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी तपासतात. थायरॉइड, किडनीही अधूनमधून. उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन घेतलं तर ती पातळी चढते, म्हणून मेडिकलवाल्याला गोळी मागण्याआधीच सांगा, लिथियम चालू आहे.