स्पर्श हरवला तर

पावसाळ्यात खडकवासल्याला फिरायला गेलेले लोक भाजलेले मक्याचे कणीस आवडीने खातात. कणीस हातात घेताच ते गरम आहे, त्याचे दाणे टणक आहेत, हे आपल्याला न पाहताही कळते. त्वचेतील ज्ञानतंतू ही बातमी मेंदूकडे पोचवतात. उजव्या हाताची बातमी मेंदूच्या डाव्या भागात जाते आणि डाव्या हाताची उजव्या भागात.

मेंदूला सतत रक्त लागते. खडकवासला धरणातून निघालेला कालवा दौंड, इंदापूरकडच्या शेतांना पाणी देतो. तो मध्येच तुंबला, तर पुढची पिके सुकतील. तसेच मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. कधी रक्तवाहिनी फुटते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. मेंदूतही रक्त असे बाहेर पसरले, तर मोठे नुकसान होते. या दोन्ही प्रकारांना पक्षाघाताचा झटका म्हणतात. उर्दूत आपण याला फालिज म्हणतो.

फालिज म्हटले की लुळा पडलेला हात किंवा वाकडे झालेले तोंड आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु कधी कधी हात हलतो, मात्र त्या हाताला काही कळत नाही. खिशातली किल्ली कोणती आणि नाणे कोणते, हे ओळखता येत नाही. चहाचा कप हातातून निसटतो. पाय जमिनीवर नीट टेकला की नाही, हे पाहिल्याशिवाय समजत नाही. काहींना मुंग्या येतात, तर काहींना अंगावरच्या कपड्याचा साधा स्पर्शही वेदना देतो.

लुळा हात सर्वांना दिसतो, हरवलेला स्पर्श मात्र कोणाला दिसत नाही. त्यामुळे घरचे लोक म्हणतात, "दादाजान, तुम्ही लक्षच देत नाही!" हा दोष त्यांच्या लक्षाचा नसतो, तो आजाराचा असतो. अशा माणसाला कढत पाणी किंवा तापलेला तवा वेळेवर जाणवत नाही आणि तो भाजतो. म्हणून आंघोळीचे पाणी त्याने चांगल्या हाताने किंवा घरातील दुसऱ्या कोणी तपासावे. तळपायाला जखम तर नाही ना, हे रोज पाहावे.

गेलेला स्पर्श काही प्रमाणात परत येऊ शकतो. डोळे मिटून वाळू, कापूस, चमचा, नाणे अशा वस्तू ओळखण्याचा सराव रुग्णाकडून करून घेतात. मेंदू पुन्हा शिकू लागतो. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही, पण धीर आणि रोजचा सराव उपयोगी पडतो. हा सराव तुम्हीही घरी घेऊ शकता.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अचानक शरीराची एक बाजू बधिर झाली, हात खाली पडू लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर मालीश करत बसू नका. त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा आणि 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक ठरते, म्हणून डॉक्टर आधी मेंदूचा स्कॅन करतात. वाया गेलेली वेळ परत मिळत नाही.

शब्दार्थ
ज्ञानतंतू – जाणिवेची बातमी मेंदूकडे नेणारे बारीक धागे
बधिर – सुन्न
रक्तस्राव – रक्त वाहणे

स्वाध्याय
1. पक्षाघाताच्या दोन प्रकारांना लेखकाने कोणत्या उपमा दिल्या आहेत?
2. स्पर्श हरवलेल्या माणसाची काळजी कशी घ्याल? चार वाक्यांत लिहा.
3. डोळे मिटून दप्तरातील पाच वस्तू हाताने ओळखा. त्या कशा ओळखल्या ते लिहा.