देव्हारा एक, उपासना अनेक

दत्तभक्तहो, ‘आपल्या हिंदू धर्माचा देव कोणता आणि ग्रंथ कोणता?’ असं नातवंडं विचारतात, तेव्हा आपण जरा घुटमळतो. कारण एका नावात उत्तर देता येत नाही. आपल्या धर्माचा कुणी एक संस्थापक नाही, सर्वांना बंधनकारक असा एकच ग्रंथ नाही. मग उत्तर शोधायचं कुठं? आपल्या जालना जिल्ह्यातच बघावं.

राजूरला गणपती. अंगारकी चतुर्थीला तिथं पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. अंबडला माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी. नवरात्रात तिची यात्रा. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासस्वामींचं जन्मगाव. शके १५३० च्या रामनवमीला (इ. स. १६०८) त्यांचा जन्म झाला, तिथं रामाची उपासना. जुन्या जालन्यात आषाढी एकादशीला आनंदी स्वामींची यात्रा. आणि भोकरदन तालुक्यात महानुभावांचं तीर्थस्थान, जाळीचा देव. एका जिल्ह्यात एवढ्या वाटा!

या वाटा जुन्या लोकांनी एका घरात कशा नांदवल्या, ते पंचायतन पूजेत दिसतं. शिव, विष्णू, देवी, गणपती आणि सूर्य असे पाच देव एका ताम्हनात. ज्याचं जे इष्टदैवत, ते मधोमध. बाकीचे चार चार कोपऱ्यांना. शैवाच्या घरी मध्ये बाण, वैष्णवाच्या घरी शाळिग्राम. मधला देव बदलतो, पण कोपऱ्यातल्यांना कुणी घराबाहेर काढत नाही. आपली निष्ठा मध्यभागी, दुसऱ्याच्या निष्ठेला शेजारी मानाची जागा, असा त्याचा अर्थ.

आता आपल्या दत्तप्रभूंकडे येऊ. गुरुचरित्र वाचणाऱ्यांचे दत्त म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश यांचं एकत्र रूप. श्रीपाद श्रीवल्लभ आणि श्रीनृसिंहसरस्वती हे त्यांचे अवतार. औदुंबर, नरसोबावाडी, गाणगापूर इथं आपण मूर्तीपेक्षा पादुकांपुढं माथा टेकतो, कारण इथं देव गुरुरूपानं भेटतो. आपण रोज म्हणतो ती दत्ताची आरती पैठणच्या नाथमहाराजांची. आणि नाथ तर विठ्ठलाचे वारकरी! त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवरचे दत्तभक्त. नाथांच्या घरी वारी आणि दत्तभक्ती यांचं भांडण झालं नाही.

महानुभाव पंथात मात्र दत्तात्रेयप्रभू त्रिमूर्ती नाहीत. श्रीकृष्ण, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधरस्वामी यांच्याबरोबर ते पंचकृष्णांपैकी एक, एकाच परमेश्वराचा अवतार. पंथाची शिकवण अनन्य भक्तीची. इतर देवतांची पूजा ते करत नाहीत. माहूर मात्र दोघांनाही पूज्य.

खरी कसोटी इथंच लागते. समजा, महानुभाव घरातली मुलगी आपल्याकडं सून म्हणून आली आणि देवीच्या नैवेद्याला तिनं हात लावला नाही. ‘सगळे देव एकच, मग तुला काय होतंय?’ असं आपण सहज बोलून जातो. बोलायला गोड आहे, पण त्यात तिची निष्ठा पुसली जाते. सगळ्यांचा देव एक असेल, पण प्रत्येकाचं व्रत एक नसतं. तिला तिचं नामस्मरण करू द्यावं, आपला कुळाचार आपण सांभाळावा. तिनंही आपल्या कुळाचाराला नावं ठेवू नयेत. दोन्हीकडून एवढं झालं की घर शांत राहतं.

याचा धडा खुद्द अवधूतानंच दिला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला तो आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, पाणी आहे, अजगर आहे, पिंगला वेश्यासुद्धा आहे. ज्याच्याकडं जे चांगलं, ते घेतलं. भुंगा जसा फुलाला न दुखवता थोडा थोडा मध घेतो तसं. याच स्कंधावर नाथांनी मराठीत टीका लिहिली आणि ती काशीत पूर्ण केली. ज्यांच्या घरी ‘एकनाथी भागवत’ आहे त्यांनी या जयंतीला सातवा, आठवा, नववा हे अध्याय जरूर वाचावेत, आणि नातवंडांना जवळ बसवून सांगावेत.

मग त्यांच्या प्रश्नाला उत्तर देता येईल: बाळा, आपला देव अमुक, आपली उपासना अशी, शेजाऱ्याची वेगळी, तिलाही नमस्कार कर. आपली नित्यपूजा मात्र चुकवू नकोस.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥