डॉक्टरीचा प्रवेश हुकला : विचारायचं कुणाला आणि काय?



लागण, खोडवा आणि ठिबक सोडून या अंकात आम्ही डॉक्टरीच्या प्रवेशावर लिहितो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण गट कार्यालयात हल्ली ऊस नोंदीच्या खालोखाल हाच विषय निघतो. पोरगं बारावी सायन्सला आहे, नीट दिली, नवी मुंबईच्या कॉलेजांची नावं भरली, यादीत नाव लागलं नाही. मग ठरलेला प्रश्न येतो : "साहेब, कॉलेजला एक पत्र टाकून विचारावं का, आमचं पोरगं कुठं कमी पडलं म्हणून?"

प्रश्न रास्त आहे. काट्यावर वजन कमी भरले तर आपण पावती मागतो, बिलात कपात दिसली तर हिशेब मागतो. मग पोराच्या आयुष्याचा हिशेब मागू नये काय? जरूर मागावा. फक्त तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मागावा. उसाचे वजन वजनकाट्यावर कळते, साखर उतारा प्रयोगशाळेत कळतो. या दोन्ही गोष्टी चिटबॉयला विचारून भागत नाही, आणि चेअरमनसाहेबांना विचारून तर मुळीच नाही.

विलायतेत प्रकार निराळा आहे. तिथे मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला एका वर्षी वैद्यकशाखेसाठी चारच कॉलेजे निवडता येतात. प्रवेश परीक्षेच्या गुणांबरोबर शाळेचे गुण, स्वतःबद्दलचे निवेदन आणि मुलाखत हेही पाहतात. मुलाखत घेणारी माणसे त्याच कॉलेजची असतात. त्यामुळे नकार आला की मुलगा थेट कॉलेजला लिहितो, मी मुलाखतीत कुठे उणा पडलो ते कळवा. काही कॉलेजे भागवार गुण कळवतात, काही दोन ओळींत वाटेला लावतात. पण निर्णय त्यांचा असल्याने त्यांच्यापाशी उत्तर असते एवढे खरे.

आपल्याकडे निर्णय कॉलेजचा नाही. २०१६ पासून एमबीबीएसची निवड नीटच्या गुणांवर चालते, आणि यादी लावणारे कार्यालय कॉलेजच्या आवाराबाहेर असते. कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून "यादी वरून येते" म्हणाला, तर तो टाळाटाळ करतो असे समजू नका. तेवढे तरी तो खरेच सांगत असतो.

हा घोळ नवी मुंबईत चांगला पाहायला मिळतो. नेरुळला डी. वाय. पाटील यांचे मेडिकल कॉलेज आहे, तेरणाचे आहे, आणि पुढे कामोठ्याला एमजीएमचे. तिन्ही ठिकाणे लोकलने काही स्टेशनांच्या अंतरात. बाहेरगावच्या माणसाला वाटते, एका दिवसात तिन्हीकडे विचारून संध्याकाळच्या गाडीने परत निघू. पण डी. वाय. पाटील आणि एमजीएम ही अभिमत विद्यापीठे. त्यांच्या जागा दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून, म्हणजे एमसीसीकडून भरल्या जातात. तेरणा हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले, त्याच्या जागा मुंबईच्या राज्य सीईटी कक्षाकडून भरल्या जातात. एकाच नेरुळातल्या दोन इमारती, पण एकीचा जाब दिल्लीला विचारायचा आणि दुसरीचा मुंबईत. हे ठाऊक नसलेली कितीतरी माणसे एसटीच्या भाड्यात आणि लॉजच्या बिलात पैसे घालवून परत येतात.

आणखी एक जुनी समजूत आडवी येते. १९८३-८४ च्या सुमारास विनाअनुदान तत्त्वावर खाजगी मेडिकल आणि इंजिनियरिंग कॉलेजांना आपल्या राज्यात परवानगी मिळू लागली. साखर पट्ट्यातल्या मंडळींनी त्यात पुढाकार घेतला. लोणी आणि कराड इथली मेडिकल कॉलेजे १९८४ सालची. सहकारातून उभ्या राहिलेल्या पैशाने आणि माणसांनी खेड्यात दवाखाने आणि कॉलेजे आणली, हे आपल्या भागाला भूषणच आहे. पण त्या जमान्यात राज्यभर व्यवस्थापनाच्या हातात काही जागा असत, म्हणून "कुणाची तरी चिठ्ठी" हा शब्द आपल्या डोक्यात बसला तो बसलाच. १९८७ च्या कायद्याने देणगीला बंदी घातली. नंतर सुप्रीम कोर्टाचे निकाल आले, नीट आली, २०१५ च्या कायद्याने राज्यात प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक प्राधिकरणे आली. चिठ्ठीचा काळ गेला. तरी चिठ्ठी विकणारे अजून वाशी-बेलापूरकडे भेटतात, त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

आता मूळ गोष्ट. नकाराचे पहिले उत्तर आपल्या मुलाच्या स्वतःच्या उत्तरपत्रिकेत असते. नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीच्या उत्तराला एक कापला जातो, कोरे सोडले तर शून्य. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, रसायन आणि भौतिक यांचे ४५-४५. प्रश्नपुस्तिका घरी नेता येते. निकालाआधी परीक्षा घेणारी संस्था, म्हणजे एनटीए, उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि उत्तरसूची काही दिवस संकेतस्थळावर ठेवते. त्या मुदतीत ती उतरवून घेतली नाही तर पुढे हात चोळत बसावे लागते. उसाची काटा पावती आपण जशी पाकिटात जपतो तशी ही जपावी.

आमच्या एका गटातल्या सभासदाच्या मुलीला ३५९ गुण पडले आणि कोणत्याच यादीत नाव लागले नाही. वडिलांनी ठरवले की क्लास बदलायचा. मोठ्या शहरातल्या मोठ्या क्लासचे पैसेही जमवायला लागले. आम्ही त्यांना म्हटले, माती परीक्षण न करता खताच्या गोण्या आणता काय? उत्तरपत्रिका आणि प्रश्नपुस्तिका घेऊन बसा. दोन संध्याकाळी मुलीने स्वतःच मांडणी केली. जीवशास्त्रात ६६ बरोबर, २० चूक, ४ कोरे, म्हणजे २४४ गुण. रसायनात २५ बरोबर, १५ चूक, ५ कोरे, म्हणजे ८५. भौतिकात १४ बरोबर, २६ चूक, ५ कोरे, म्हणजे ३०. एकशेऐंशीपैकी तीस! आणि त्या २६ चुकांतल्या निम्म्याहून जास्त विद्युत आणि प्रकाश या दोनच भागांतल्या निघाल्या.

आता या पोरीला सगळ्या विषयांचा नवा क्लास कशाला हवा? जीवशास्त्राचे पीक उभे आहे, भौतिकात तुटाळ आहे. खोडवा राखताना आपण सगळे रान नांगरत नाही, नांग्या भरतो. तालुक्याच्याच गावी एका जुन्या प्राध्यापकांकडे तिने भौतिक सुरू केले. निकाल पुढे येईल तेव्हा येईल. पण "कुठं कमी पडलो" या प्रश्नाचे कोणत्याही कॉलेजने दिले नसते एवढे नेमके उत्तर तिला घरबसल्या मिळाले.

उत्तरसूचीवर शंका असेल तर तीही घेता येते. २०२५ पर्यंतच्या परीक्षांत एका प्रश्नाला दोनशे रुपये भरून हरकत नोंदवता येत असे. हे पैसे वाया गेले असे म्हणणाऱ्यांनी २०२४ ची हकीकत आठवावी. त्या वर्षी भौतिकाच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरून गुण दिले होते. वाद सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाने दिल्लीच्या आयआयटीतल्या तीन तज्ज्ञांना विचारले, त्यांनी एकच पर्याय बरोबर ठरवला. चार लाखांवर मुलांचे पाच-पाच गुण कमी झाले. आधी वाढीव गुण रद्द झाल्यावर ७२० पैकी ७२० वाले ६१ उरले होते, ते या एका प्रश्नाने १७ वर आले. म्हणजे विचारणाऱ्याने विचारले म्हणून सबंध देशाची यादी हलली. आपल्या बाजूने हलेल असे मात्र नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शेजारच्या पोराला गेल्या साली अमुक गुणांवर जागा मिळाली, आमच्याला तेवढेच असून का नाही, अशीही तक्रार येते. हे दुष्काळी सालाचा उतारा सुकाळाशी जुळवण्यासारखे झाले. २०२४ ला सतरा मुलांना पैकीच्या पैकी होते, २०२५ ला पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. गुण बाजूला ठेवा, क्रमांक पाहा. त्या कॉलेजात, आपल्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकाला झाला, हे फेरीवार याद्यांत छापलेले असते.

मागण्याचा हक्क आपल्याला सहजी मिळालेला नाही, म्हणून त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. आपल्याच राज्याच्या शिक्षण मंडळाचा नियम होता की दहावी-बारावीच्या मुलाला तपासलेला पेपर पाहता येणार नाही, गुणांची फेरबेरीज तेवढी करून मिळेल. मुले मुंबई हायकोर्टात गेली आणि जिंकली. मंडळ वर सुप्रीम कोर्टात गेले, आणि जुलै १९८४ मध्ये कोर्टाने मंडळाचा नियम उचलून धरला. लाखो पेपर, प्रत्येकजण पाहू म्हणाला तर निकाल कधी पक्का व्हायचा, असा विचार त्यामागे होता. पुढे सत्तावीस वर्षे हेच उत्तर देशभर ऐकवले गेले. मध्यंतरी २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. मग कोलकात्याच्या एका विद्यार्थ्याने केंद्रीय मंडळाकडे आपला पेपर मागितला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच आहे, ती ज्याची त्याला दाखवली पाहिजे. तपासनिसाचे नाव मिळणार नाही, आणि पेपर पाहिला म्हणून तो परत तपासून मिळेल असेही नाही. पण पाहण्याचा हक्क पक्का झाला. मंडळे पेपर कायम जपून ठेवत नाहीत, ठरलेल्या मुदतीनंतर ते नष्ट करतात. तेव्हा अर्ज करायचा तर दिवाळीची वाट पाहू नये.

काही नकार गुणांचे नसतातच, कागदांचे असतात. ते जास्त जिव्हारी लागतात. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत नाही, नॉन-क्रीमीलेअरची तारीख उलटली, अधिवासाचा दाखला नाही. आणि कोटा-हैदराबादकडे पोरे धाडणाऱ्यांनी नीट वाचावे : राज्याच्या कोट्यातली जागा हवी तर, काही अपवाद सोडता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात. तिकडच्या बोर्डातून बारावी दिलेल्या हुशार पोराला इथली जागा नाकारली, तर तो अन्याय नसून नियम आहे, आणि तो अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच पाहायचा असतो. कागद नाकारले असतील तर कोणता कागद, कोणत्या कारणाने, हे लेखी मागावे. तोंडी उत्तरावर पुढच्या फेरीत काही करता येत नाही.

आता चिठ्ठीवाल्यांविषयी. यादीत नाव नसलेल्या मुलांच्या बापाला फोन येतो. नवी मुंबईत ऑफिस आहे, शेवटच्या फेरीत जागा काढून देतो, टोकन म्हणून पाच लाख आणा. अभिमत विद्यापीठांची अधिकृत फीच कित्येक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे. २०२५-२६ च्या हंगामात सव्वादहा टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३५५० रुपये होती. एकरी चाळीस टन धरा, एक लाख बेचाळीस हजार होतात, त्यातून तोडणी-वाहतूक अजून वजा व्हायची. म्हणजे एका वर्षाच्या फीला चौदा एकरांचे सगळे बिल द्यावे लागेल, आणि अशी साडेचार वर्षे. ज्याला झेपते त्याने नियमाने भरावे, आमची हरकत नाही. पण त्यावर आणखी टोकन कुणाला आणि कशाचे? शेवटच्या फेरीतली जागासुद्धा क्रमांकानेच जाते. जो माणूस पावती देत नाही त्याला आपण उसाचे वाढेदेखील विकत नाही.

राज्य सीईटी कक्षाकडे माहिती मागण्याच्या अर्जाचा साधा नमुना खाली देतो. राज्यातल्या कार्यालयांना अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दिल्लीच्या कार्यालयाकडे इंग्रजी किंवा हिंदीतून केलेला बरा, तो ऑनलाइनही करता येतो.

"मी अमुक वर्षी एमबीबीएस प्रवेशासाठी अर्ज केला होता. माझा नोंदणी क्रमांक अमुक. कृपया पुढील माहितीच्या प्रती मिळाव्यात. एक, राज्य गुणवत्ता यादीतील व प्रवर्गातील माझा क्रमांक. दोन, अमुक कॉलेजात माझ्या प्रवर्गातून प्रत्येक फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या उमेदवाराचा गुणवत्ता क्रमांक. तीन, माझ्या कागदपत्रांच्या पडताळणीत नोंदवलेले शेरे. दहा रुपयांचा स्टॅम्प लावला आहे."

"माझ्यावर अन्याय का झाला" असे लिहू नका, त्याला उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे अपील करता येते. प्रवेशाच्या फेऱ्या मात्र तीस दिवस थांबत नाहीत, म्हणून फेरी चालू असतानाची तक्रार संकेतस्थळावरच्या तक्रार विभागात त्याच दिवशी नोंदवावी आणि तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

मुलाने अर्ज स्वतः लिहावा, सही त्याचीच लागते. नमुन्याच्या प्रती सर्व गट कार्यालयांत ठेवल्या आहेत. ऊस नोंदीच्या कामाला याल तेव्हा मागून घ्याव्यात.