रंग पकडणारा गर

मुलांनो, फालुदा तुम्हांला आवडतो ना? त्यात सब्जाचे बुळबुळीत दाणे असतात. काही घरांत त्यांना तुखमलंगा म्हणतात. हे बी कोरडे असताना अगदी बारीक असते. पाण्यात घालताच ते फुगते आणि त्याच्याभोवती पारदर्शक गर तयार होतो. इसबगोलाची भुशीही अशीच फुगते. जो पदार्थ भरपूर पाणी धरून ठेवतो, पण स्वतः पाण्यात विरघळत नाही, त्याला हायड्रोजेल म्हणतात. असा गर नदीच्या उपयोगी पडू शकेल का? चला, पाहू या.

तमिळनाडूत नोय्यल नावाची नदी आहे. तिच्या काठी तिरुप्पूर शहर आहे. तेथे बनियन आणि टी-शर्ट मोठ्या प्रमाणावर तयार होतात. कापड रंगवताना सगळा रंग धाग्यावर बसत नाही. उरलेला रंग पाण्याबरोबर वाहून जातो. कित्येक वर्षे हे सांडपाणी नोय्यल नदीत गेले. शेतीसाठी १९९२ साली ओरत्तुपाळयम धरण बांधले. त्यातही तेच पाणी साठले. शेतकऱ्यांनी ज्या पाण्याची वाट पाहिली, तेच पिकांच्या मुळावर उठले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुप्पूरचे रंगकारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पण कामगारांच्या रोजीरोटीचे काय? नदीही हवी आणि रोजगारही हवा. म्हणूनच सांडपाणी स्वच्छ करण्याचे उपाय शोधावे लागतात.

शास्त्रज्ञ इसबगोल, गवार, कापूस अशा वनस्पतींतील पदार्थांपासून प्रयोगशाळेत हायड्रोजेल बनवतात. या पदार्थांचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. साखळ्या एकमेकींना जोडल्या, की त्यांचे जाळे तयार होते. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या कणांवर धन विद्युतभार असतो. जाळ्यावर ऋण भार असेल, तर रंग त्याच्याकडे ओढला जातो. तो जाळ्याला चिकटतो आणि पाणी फिके होते. काही रंगांवर ऋण भार असतो. त्यांच्यासाठी धन भाराचे जाळे बनवावे लागते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. रंग नाहीसा झाला नाही. तो पाण्यातून गरात आला, एवढेच. तो गर पुन्हा नदीत टाकला, तर सारे श्रम पाण्यात गेले! म्हणून काही गर आम्लयुक्त पाण्याने धुतात, त्यातील रंग वेगळा काढतात आणि गर पुन्हा वापरतात. वेगळा काढलेला रंगही सांभाळून ठेवावा लागतो. कापड रंगवताना वापरलेले मीठ मात्र या गराने निघत नाही. त्यासाठी दुसरे उपाय करावे लागतात.

नवा कपडा पहिल्यांदा धुताना बादलीतले पाणी नीट पाहा. त्यात थोडा रंग उतरलेला दिसेल. हा रंग पुढे कोठे जाईल, असा प्रश्न स्वतःला विचारा.

स्वाध्याय
१. हायड्रोजेल कशाला म्हणतात?
२. नोय्यल नदीचे पाणी कशामुळे दूषित झाले?
३. वाक्यात उपयोग करा : मुळावर उठणे, श्रम पाण्यात जाणे.